काजलादिघीचं हिरवं

“शर्वाणीदी, ही ती नाही,” फिरदौसी म्हणाली.

खाली अंगणात सरस्वतीपूजेची तयारी चालली होती. मुली तांदळाच्या पिठाने अल्पना काढत होत्या आणि हंसाची मान कुणी बिघडवली यावरून त्यांचं वाजलं होतं. दोघी जिन्याच्या वळणावर चहाचे मातीचे पेले घेऊन उभ्या होत्या, त्यामुळे शर्वाणीला क्षणभर वाटलं, फिरदौसी खालच्याच कुणा मुलीबद्दल बोलते आहे. तिने कठड्यावरून वाकून पाहिलंसुद्धा. मग फिरदौसीच्या हातातला घडी घातलेला कागद दिसला आणि तिचा चेहरा दिसला. फिरदौसी मंडल विभागात येऊन फार वर्षं झाली नव्हती. सजीवांच्या जनुकांवरून त्यांची नाती लावणं हे तिचं काम. वाईट बातमी सांगताना ती आवाज खाली आणते, हे शर्वाणीला ठाऊक होतं. पण अशी बातमी आजवर मुलांच्या नापास होण्याबद्दल असायची.

“कोण ती नाही?”

“काजलादिघी. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं, दी. आधी माझंच चुकलं असं धरून चालले.”

“नळी बदलली असेल.”

“नळी तुम्हीच तर दिली होती माझ्या हातात.”

“मग काय आहे ती?”

“साधीच आहे कुणीतरी. मास्तरमोशायांनी तिला ज्या कुळात घातलं, त्या कुळात ही बसतच नाही. नदीतल्या शैवालांशी जुळते. नवी आहे की जुनी, तेही मला सांगता येत नाही. एवढंच की काजलादिघी नाही.”

शर्वाणीने मान हलवली. मुलाखतीत उमेदवाराने ठीकसं उत्तर दिलं की हलवते, तशीच. चहा प्यायचा राहून गेला होता आणि त्यावर साय धरली होती. धक्का बसला की काहीतरी होतं म्हणतात, छातीत, पोटात. तिला फक्त पेल्याची कड ओठाला खरखरीत लागली. खाली एक मुलगी म्हणत होती, हंस नाही हा, बदक आहे, पण तुला कोण सांगणार.

“अजून कुणाला बोललीस?”

“छे. सौगतदा विचारत होते झालं का म्हणून. मी म्हटलं, चाललंय.” फिरदौसीने कागद पुढे केला, मग स्वतःच मागे घेतला. “ठेवू का माझ्याकडेच?”

“दे,” शर्वाणी म्हणाली.

काजलादिघीचं शैवाल ज्या खोलीत राहत होतं ती दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, उत्तरेकडची. थंड, ओलसर आणि मंद उजेडाची. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर फ्लास्क आणि नळ्या, प्रत्येकाच्या तोंडात कापसाचा बोळा, आणि आत हिरवं. कुठे पोपटी, कुठे शेवाळी, कुठे निळ्याकडे झुकणारं. शर्वाणी या हिरव्यांमध्ये नोकरीभर राहिली होती. काम तसं सोपं. फ्लास्कमधलं अन्न संपत आलं की ज्योतीशेजारी बोळा काढायचा, थेंबभर हिरवं उचलून दुसऱ्या ताज्या पाण्यात सोडायचं, बोळा लावायचा, चिठ्ठी चिकटवायची. विरजण लावण्यासारखं. थांबलं तर वंश संपला. काजलादिघी मधल्या फळीवर असायची आणि तिच्यावरच्या ट्यूबलाइटखाली पांढऱ्या सुती कापडाची पट्टी बांधलेली होती. ते मास्तरमोशायांचं, तिच्या गुरूंचं, जुनं धोतर. ज्या तळ्यातून त्यांनी तिला आणलं त्या तळ्यावर आंबा-फणसांची गर्द सावली होती. तिला उजेड सोसत नाही, असं त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवलं. धोतर विरलं की ते दुसऱ्या धोतराचा तुकडा पाठवत. निवृत्त झाल्यावरही पाठवत राहिले.

त्या तळ्यावर ती त्यांच्याबरोबर एकदाच गेली होती, संशोधनाला लागल्यावर लगेच. बारासातच्या पलीकडे त्यांचं गाव. दिघी म्हणजे तळं, आणि पाणी खरंच काजळासारखं होतं. मास्तरमोशाय पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरले, कपडे धुणाऱ्या बायका त्यांना हसत होत्या, आणि त्यांतली एक म्हणाली, नीरेन, एवढा शिकलास आणि अजून शेवाळंच गोळा करतोस होय रे. डॉक्टर नीरेंद्रकिशोर गुह, ज्यांच्यासमोर विभागात कुणी शिंकत नसे, ते म्हणाले, काकीमा, तुमच्या पाण्यात आहे ती दुसरीकडे कुठेच नाही. काकीमा म्हणाल्या, नसेल तर बरंच आहे, पाय घसरतो तिच्यामुळे. आता तिथे चार मजली इमारती आहेत. फाटकावर ‘काजलादिघी रेसिडेन्सी’ अशी पाटी आहे. शैवालाचं शास्त्रीय नाव तळ्यावरून ठेवलेलं, आणि तळं नकाशावरून गेलेलं. त्यामुळे त्या पाण्यातलं जिवंत असं जगात काही उरलं असेल तर ते मधल्या फळीवर, धोतराच्या सावलीत. शर्वाणी नव्या मुलांना दरवर्षी हे सांगायची. सांगताना आवाज किंचित बदलतो हे तिला कळायचं आणि तिला ते आवडायचं नाही.

तिने मायक्रोस्कोपखाली काच सरकवली. दिवा लावला. गोल हिरव्या पेशी, शांत. मास्तरमोशायांनी काढलेल्या मूळ चित्रात प्रत्येक पेशीच्या एका टोकाला भिंतीची बारीक घडी दाखवलेली आहे. तीच काजलादिघीची खूण. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, सर, मला घडी दिसत नाही. ते म्हणाले, दिसेल, बघत राहा. ती बघत राहिली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मान आखडेपर्यंत, आणि मग एका दुपारी ती म्हणाली, दिसली. त्यांनी तिच्यासाठी कॅंटीनमधून कटलेट मागवलं होतं. त्यानंतर घडी तिला नेहमीच दिसत आली. आत्ताही दिसत होती. एका पेशीत अगदी स्पष्ट, दुसरीत कदाचित, तिसरीत ती भिंगाची सावली असू शकेल. तिने भिंग वर-खाली केलं. घडी आली, गेली. ही त्यांच्या चित्रातली घडी की तिच्या डोळ्यातली, आणि खरी काजलादिघी जिवंत होती तेव्हा तिने तिला कधी पाहिलं होतं की नव्हतं, हे तिला आता कुणी सांगू शकणार नव्हतं. दुसरी कुणीतरी फ्लास्कमध्ये शिरली असेल, जोमाने वाढली असेल, आणि दर विरजणात पहिलीचा वाटा कमी होत गेला असेल. शेवटची पेशी ज्या दिवशी संपली तो दिवस साधाच गेला असणार. त्या दिवशी तिने हजेरी घेतली असेल, भाजी घेतली असेल. पाणी तसंच हिरवं राहिलं.

आणि हे कळायची वेळ अशी. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र एकत्र करून ‘जीवविज्ञान विभाग’ झाला होता आणि प्रवेशद्वारात नवी मोठी पाटी लागणार होती: विभागातील संशोधन क्षेत्रे. पेशी व रेणू, चेताविज्ञान, रोगप्रतिकार, परिसर, उत्क्रांती. सौगत कुंडू विभागप्रमुख झाला होता. एके काळचा तिचा विद्यार्थी, अजून तिच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसणारा. त्यानेच महिन्याभरापूर्वी तिला सांगितलं होतं, “दी, स्पष्टच बोलतो. शैवालं वेगळी ठेवायची तर मला वर काहीतरी दाखवावं लागेल. त्या खोलीवर नव्या यंत्रवाल्यांचा डोळा आहे. पण तुमच्याकडे काजलादिघी आहे, ती कुणाकडेच नाही. फिरदौसीला एकदा तिची जनुकं वाचू द्या, कागद पक्का झाला की शैवालविज्ञान पाटीवर आणि खोली तुमची. मग मी निवृत्त होईपर्यंत कुणी हात लावणार नाही.” म्हणजे तपासणी तिला वाचवण्यासाठीच होती.

घरी प्रबीर बाल्कनीत संत्री सोलत बसला होता. दार्जिलिंगची, लहान, सैल सालीची. तो प्रत्येक फोडीवरचे पांढरे दोरे काढून फोडी बशीत गोल मांडतो आणि बशी तिच्या पुढ्यात सरकवतो. बॅंकेतून निवृत्त झाल्यापासून, की त्याच्याही आधीपासून? तिने आठवून पाहिलं. लग्न झाल्यावरची पहिली वर्षं ते भांडायचे. खालच्या मजल्यावरचे लोक रेडिओ मोठा करत. प्रबीर रागाने चप्पल घालून निघून जायचा आणि तासाभराने तेलाने डागलेल्या पुडीत गरम फिशफ्राय घेऊन यायचा. दोघं न बोलता खायची, मग हसायची. तो प्रबीर कुठे गेला? कुणी वारलं नव्हतं, काही तुटलं नव्हतं. एक भांडण कधीतरी शेवटचं झालं असेल आणि ते शेवटचं आहे हे दोघांनाही कळलं नसेल. मग हळूहळू हा दुसरा आला, मृदू, दोरे काढणारा, आणि घर पुन्हा भरलं. दारावरची पाटी तीच. वाईट म्हणजे हाही तिला आवडत होता. फक्त पहिल्यासाठी ती कधी रडली नव्हती, कारण तो गेल्याचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“परवा जोडी हिलसा आणू ना?” प्रबीर म्हणाला. त्याचं घराणं पद्मा नदीपलीकडचं. पूजेच्या दिवशी त्यांच्याकडे हिलशाची जोडी लागते.

“देवीच्या दिवशी मासे. काय माणसं तुम्ही.”

“तुम्ही खा खिचडी. म्हणून तर तुमच्याकडे कुणी गाणारं निघालं नाही.”

“तुमच्याकडे कोण निघालं?”

“मी गायचो की.”

तो गायचा, हे खरं होतं. तेही तिला आत्ताच आठवलं. तिने एक फोड तोंडात टाकली. “प्रबीर, मी बदलले का रे?”

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “कुणी काही म्हणालं का?”

“नाही. सहजच.”

“सहज तू काही विचारत नाहीस,” तो म्हणाला, आणि पुढचं संत्रं उचललं.

पूजेच्या सकाळी विभागात सगळ्या मुली पिवळ्या साड्यांत होत्या, निम्म्यांना साडीत चालता येत नव्हतं. व्याख्यानाच्या सभागृहात सरस्वती बसवलेली. तिच्या पायांशी पुस्तकं, पेनं, एक जुना पितळी मायक्रोस्कोप, चेताविज्ञानवाल्यांनी आणलेला मेंदूचा प्लास्टरचा नमुना, आणि रिवाजाप्रमाणे काजलादिघीचा फ्लास्क. त्या दिवशी कुणी वाचत नाही, लिहीत नाही, कुठलंही यंत्र लावत नाही. विद्या देवीकडे जमा. फिरदौसी पहाटेपासून खिचडीच्या पातेल्याशी उभी होती. तिच्यासारखी मूगडाळ भाजणं कुणाला साधत नाही, असं मुलांनीच जाहीर केलं होतं. “दी, मीठ बघा,” तिने वाटी पुढे केली आणि हळूच म्हणाली, “झोप झाली?” शर्वाणी म्हणाली, मीठ बरोबर आहे.

पुरोहित स्कूटरवरून आला. त्याला त्या दिवशी अशा कितीतरी शाळा-कॉलेजांत जायचं होतं; हेल्मेट काढता काढताच त्याने आचमनाचं विचारलं. मंत्र भराभर, मुलांची पुष्पांजली, फुलं निम्मी देवीला आणि निम्मी पुढच्या रांगेच्या केसांत. शर्वाणी भिंतीशी बसली होती. तिच्या नजरेसमोर फ्लास्क होता. त्याच्या तोंडात कापसाचा बोळा नव्हता, झेंडूचं फूल होतं. तेही रिवाजाप्रमाणेच. मास्तरमोशाय देव मानत नसत. पण एका वर्षी मुलांनी फार आग्रह केला तेव्हा त्यांनी फ्लास्क आणून ठेवला, आणि कुणीतरी म्हणालं, सर, बोळा? तर ते म्हणाले, तोंड बांधून नैवेद्य दाखवतात होय, तिने खायचं कसं? सगळे हसले. त्यांनी बोळा काढून खिशात टाकला आणि फूल खोचलं. उघड्या फ्लास्कवर नुसतं बोललं तरी ते मुलांना खोलीबाहेर काढत, त्यामुळे हसायला जास्तच मजा आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच फ्लास्कमधून नव्या वर्षाचं विरजण लावलं: देवीचा प्रसाद. जुने फ्लास्क ओतून दिले. पुढच्या वर्षीही तसंच. त्यांच्यामागून तिनेही तसंच, कारण ती त्यांची गंमत होती, आणि गंमत बंद करायला काही कारण लागतं.

“शांतीजल घ्या,” पुरोहित म्हणाला.

सगळ्यांनी पाय साडीखाली, सतरंजीखाली लपवले. ते पाणी पायांवर पडू द्यायचं नसतं. पुरोहिताने आंब्याची डहाळी गंगाजलाच्या घटात बुडवली आणि झटकली. थंड थेंब शर्वाणीच्या कपाळावर आले, चष्म्यावर आले. डहाळी डावीकडे वळली, उजवीकडे वळली, मुलींच्या माथ्यांवर, पुस्तकांवर, मेंदूवर. फ्लास्कच्या गळ्यावर एक थेंब ठरला, झेंडूच्या पाकळीला टेकला आणि आत गेला.

शर्वाणी चष्मा पुसायचं विसरली. तिने आजवर हे दर वर्षी पाहिलं होतं. भोवती सगळे तेच शिकलेले, तेच शिकवणारे लोक: हवा कशी वाहते, भांडं कसं निर्जंतुक करतात, एका थेंबात किती जीव असतात. वर्षभर ज्योतीखेरीज बोळा न काढणारे. आणि डोकं वाकवून सगळे डोळे मिटून बसलेले. कुठल्या वर्षी? ते नाही कळणार. तिच्या हातून की त्यांच्या, तेही नाही. ती हसली असावी, कारण शेजारी बसलेल्या सौगतने विचारलं, “काय झालं दी?”

“चल, बाहेर ये जरा.”

व्हरांड्यात तिने त्याला कागद दिला. त्याने वाचला, पुन्हा वाचला. धोतराच्या निऱ्या त्याला सावरता येत नव्हत्या; एका हाताने त्या धरून तो उभा होता आणि एकदम तो पूर्वीचा, उशिरा वर्गात येणारा मुलगा दिसू लागला.

“फिरदौसी आणि तुम्ही. बास?”

“बास.”

“मग मी पाहिलाच नाही हा कागद,” तो म्हणाला. “ऐका ना. जनुकांचं मागाहून बघू असं लिहितो. पाटी सोमवारी रंगवून होते. तुम्ही आहात तोवर काजलादिघी ती काजलादिघी. कुणाचं काय बिघडतंय?”

“कुणाचं नाही.”

“मास्तरमोशायांना तरी कशाला. या वयात.”

तिने खाली अंगणात पाहिलं. हंस अजून होता, मान दुरुस्त केलेली, आता खरोखरच बदकासारखा. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खोली राहील. सगळ्या फळ्या राहतील. नव्या मुलांना ती तळ्याची गोष्ट सांगेल, आवाज किंचित बदलेल. आणि भिंगाखाली घडी दिसेल. हीच अडचण होती. ती दिसत राहील.

“शैवालविज्ञान रंगवू नकोस,” ती म्हणाली.

“दी, खोली जाईल. मला धरून ठेवता नाही येणार.”

“जाऊ दे. बाकीच्या नळ्या ज्यांना हव्यात त्यांना पाठवू. चांगल्या आहेत त्या.” मग तिला वाटलं, हेही आता तपासल्याशिवाय म्हणायला नको होतं.

दुपारी ती मास्तरमोशायांकडे गेली, ढाकुरियाला. एका हातात प्रसादाचा डबा, खिचडी, लाबड्याची मिसळभाजी, बोरांची चटणी. दुसऱ्या हातात पिशवीत फ्लास्क, पुन्हा बोळा लावलेला. त्यांना सांभाळणाऱ्या मालतीने दार उघडलं. “सकाळपासून विचारतायत, शर्वाणी आली का, बोरं आली का. पूजेआधी खायची नसतात म्हणे. देव नाही म्हणायचं आणि बोरं मात्र पूजेनंतर.”

“बोरांचा देवाशी संबंध नाही,” आतून आवाज आला. “कच्च्या बोरांनी पोट बिघडतं. पंचांगात घातलं की पोरं ऐकतात.”

ते खिडकीशी बसले होते. डोळ्यांपुढे आता फक्त उजेड आणि काळोख उरला होता, आणि कुणी आलं की ते तोंड नव्हे, कान त्या बाजूला वळवत. शर्वाणी वेताच्या बुटक्या मोड्यावर बसली. त्यांनी चटणीचं बोट चाटलं. “फ्लास्क मांडला होता?”

“मांडला होता.”

“कशी आहे?”

इतकी वर्षं ते हा प्रश्न विचारत आणि ती म्हणे, बरी आहे. घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. तिने वाटेत वाक्यं तयार केली होती. त्यांतलं एकही आता कामाचं वाटलं नाही.

“सर, ती नाही राहिली,” शर्वाणी म्हणाली. “फ्लास्क हिरवा आहे, पण त्यात ती नाही. दुसरी आहे. फिरदौसीने तपासलं. पुष्कळ वर्षं झाली असतील.”

मालती आत भांडी लावत होती. रस्त्यावरून जुन्या वर्तमानपत्रांची हाळी गेली. त्यांच्या हाताने गुडघ्यावरचं धोतर चाचपलं, एक सुरकुती सरळ केली.

“पिशवीत काय आहे?”

“तीच. म्हणजे, ही.”

“बोळा काढ आणि दे.”

तिने बोळा काढला. त्यांनी दोन्ही हातांनी फ्लास्क धरून नाकाशी नेला, डोळे मिटले. आंधळा माणूस डोळे का मिटतो, तिला वाटलं. त्यांनी बराच वेळ वास घेतला.

“काजलादिघीला ओल्या मातीचा वास होता. कच्च्या काकडीचा, त्यात मातीचा. हा नुसता काकडीचा.” त्यांनी फ्लास्क खाली घेतला. “हा वास मी पूर्वी घेतलेला आहे. निवृत्त व्हायच्या आधी. मला वाटलं, माझं नाक गेलं. डोळे अधू होत चालले होते, तेव्हा म्हटलं, नाकही गेलं. तुला विचारणार होतो. पण तू रोज भिंगातून बघत होतीस, तुला घडी दिसत होती.”

“तुम्ही काढली होती म्हणून दिसत होती,” शर्वाणी म्हणाली.

ते हसले नाहीत. तिला तळं आठवलं, पोटऱ्यांपर्यंत काळं पाणी, आणि ते जिला काकीमा म्हणाले ती बाई, जिचा पाय त्या शैवालावरून घसरायचा. कुणाचा तरी पाय घसरला होता, एवढा एकच भरवशाचा पुरावा की ती होती.

“कुठून आली असेल?” त्यांनी विचारलं.

“शांतीजलातून. आज थेंब आत जाताना पाहिला.”

“फूल.” ते थांबले. “माझं फूल.”

“दर वर्षी आपल्या सगळ्यांसमोरच होत होतं, सर.”

“एवढे सगळे जीवशास्त्रज्ञ,” मास्तरमोशाय म्हणाले, आणि आता त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते की नाही हे तिला नीट कळेना. मालती दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. मग त्यांनी धोतराच्या टोकाने डोळे टिपले. आंधळ्या डोळ्यांनाही पाणी येतं. “पाणी कुठलं आणतो तो भट?”

“गंगेचं. बाबूघाटावरचं.”

“नदीतली.” त्यांनी फ्लास्क पुन्हा नाकाशी नेला. या वेळी भराभर, दोन-तीनदा, भिंगाखाली नवीन काच सरकवल्यावर पूर्वी करायचे तसे. आवाज बदलला. पहिल्यांदाच त्यांना तिच्याकडून काही हवं होतं. “मग ही कोण?”

“माहीत नाही.”

“एकेकटी राहते की जोडीने?”

“मी नीट पाहिलेलं नाही, सर.”

“इतकी वर्षं आपल्या घरात राहते आणि तुला तिच्याबद्दल काही माहीत नाही,” मास्तरमोशाय म्हणाले. “बघ आता.”

दुसऱ्या दिवशी विभागात कुणी फारसं नव्हतं. मुली पिवळ्या साड्यांसकट झोपल्या असाव्यात. खालच्या दारातली नवी पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, पाच क्षेत्रं रंगवलेली, सहाव्याची जागा पांढरी. शर्वाणी वर गेली. ज्योत पेटवली. बोळा काढला, थेंब उचलला, ताज्या पाण्यात सोडला, बोळा लावला. मग चिठ्ठी. नाव, या शब्दापुढे तिने काही लिहिलं नाही. वर्ष, यापुढे लिहिलं: अज्ञात. कुठे मिळाली, यापुढे ती थोडी थांबली, आणि मग लिहिलं: विभागाची सरस्वतीपूजा, शांतीजल. अक्षर नेहमीसारखंच बारीक आणि सरळ आलं. चिठ्ठी चिकटवून तिने अंगठ्याने दाबली.

फिरदौसीने तिच्या प्रयोगशाळेतली एक फळी रिकामी करून ठेवली होती. दक्षिणेची खिडकी, आणि खिडकीतून माघाचं लख्ख ऊन. “इथे नको वाटतं, दी,” ती म्हणाली. “फार उजेड आहे. आतल्या बाजूला सारू का? नाहीतर ते कापड आणू इकडे?”

धोतराची पट्टी शर्वाणीने सोडून घडी करून पर्समध्ये ठेवली होती. ती मास्तरमोशायांना परत द्यायची होती.

“तो पडदा तिच्यासाठी होता,” शर्वाणी म्हणाली. “हिला आपण उगाचच सावलीत ठेवलं.”

तिने फ्लास्क उन्हात ठेवला. हिरवं पाणी उजेडात एकदम निराळं दिसलं, किंचित पिवळसर. कदाचित ते पूर्वीपासून तसंच असेल. “आणि मानवलं नाही तर?” फिरदौसीने विचारलं.

“तर कळेल,” शर्वाणी म्हणाली, आणि खुर्ची ओढून फ्लास्कसमोर बसली.